तान्ह्यांचा पोळा: भंडारा जिल्ह्यातील एका बालसणाचा इतिहास

तान्हा पोळा हा विदर्भातील लहान मुलांचा सण. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, त्याच गावात त्याच थाटात मुलांचा पोळा भरतो. खऱ्या बैलांच्या जागी चार चाकांवर उभे केलेले लाकडी बैल असतात आणि कासऱ्याच्या जागी सुतळी किंवा रंगीत दोरी. भंडारा जिल्ह्यात हा सण शहरातल्या मोहल्ल्यांतही भरतो आणि तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनीकडच्या खेड्यांतही. नुकतेच पाऊल टाकू लागलेल्या मुलापासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे त्यात असतात, पण सणाचे नाव तान्ह्यांचे आहे आणि खरा मानही त्यांचाच. दीड-दोन वर्षांच्या मुलाला गावासमोर बैलाचा धनी म्हणून उभे करणारा दुसरा सण महाराष्ट्रात सहज सापडत नाही. या वयाच्या मुलाची नक्कल, हट्ट, खोडी आणि चलाखी एरवी घरच्यांच्या कौतुकाचा किंवा त्राग्याचा विषय असते. तान्ह्या पोळ्याने या सगळ्याला चारचौघांत जागा दिली. चौकट मोठ्यांनी आखली आणि आत काय करायचे ते मुलांनी ठरवले, असाच या सणाचा इतिहास दिसतो.

हा सण श्रावणाच्या शेवटी येण्याचे कारण शेतीत आहे. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. पाऊस पडला की बांध्यांमध्ये चिखलणी सुरू होते, परे उपटून रोवणी होते, आणि गुडघाभर चिखलातून नांगर ओढण्याचे सगळे ओझे पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या खांद्यावर होते. श्रावण सरता सरता रोवणी आटोपते आणि बैल मोकळे होतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचे खांदे तूप-हळदीने शेकायचे, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्यांना द्यायचे आणि अमावास्येला त्यांच्याकडून कुठलेही काम घ्यायचे नाही, असा हा विश्रांतीचा सण आहे.

हीच अमावास्या आयांसाठी पिठोरी अमावास्या असते. चौसष्ट योगिनींची पूजा करून मुलांना दीर्घायुष्य मागण्याचे हे व्रत आहे. देवी, गोवर आणि हगवणीने घरोघरी तान्ही मुले दगावत असत, त्या काळात या व्रताचे मोल किती असेल हे वेगळे सांगायला नको. पिठोरीच्या आधी आठवडाभर गोकुळाष्टमी येते. पूर्व विदर्भात त्या दिवशी मातीच्या कान्होबाची घरात स्थापना करतात आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन. दूध-लोणी पळवणारे, गोपींना हैराण करणारे आणि आईसमोर निरागस तोंड करून उभे राहणारे मूल म्हणजेच देव, ही कल्पना या भागात जुनी आहे. चक्रधरस्वामींचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर हे भंडाऱ्याचे. ज्या महानुभाव पंथाचे ते होते, त्या पंथाच्या दामोदर पंडितांनी तेराव्या शतकात ‘वछाहरण’ हे काव्य रचले. ब्रह्मदेव गोकुळातली वासरे आणि गोपाळ लपवून ठेवतो आणि बाळकृष्ण स्वतःच त्या साऱ्यांची रूपे घेऊन त्याला चकवतो, ही त्याची कथा. मुलाची खोडी आणि गुरेढोरे यांची सांगड मराठीत इतकी जुनी आहे. कान्होबा, पिठोरी, पोळा आणि तान्हा पोळा हे चार सण आठ-नऊ दिवसांच्या अंतरात येतात. मूल आणि बैल ही शेतकऱ्याच्या घरातली दोन धने त्यांत एकत्र येतात.

बैलांचा पोळा मात्र मुलांना जवळ करणारा नव्हता. रॉबर्ट व्हेन रसेल यांनी रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने लिहिलेला मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कुणबी समाजावरच्या प्रकरणात पोळ्याचे वर्णन आहे. मिरवणुकीत सर्वांत पुढे एक म्हातारा बैल असे. त्याच्या शिंगांना मखर, म्हणजे खुंट्या ठोकलेली लाकडी चौकट बांधत आणि तीवर मशाली लावत. दोन खांबांमध्ये आंब्याच्या पानांचे तोरण ताणलेले असे. मखराचा बैल ते तोडून गावाकडे धावत सुटे आणि बाकीची गुरे त्याच्यामागे उधळत. मखराच्या बैलामागे मालगुजारांचे, म्हणजे गावच्या जमीनमालकांचे बैल, त्यांच्यामागे कुळांचे, आणि कुळांतही ज्याच्या घराण्याचा जसा मान तसा त्याचा क्रम. आपली जागा मागे गेली तर कुणब्याला ते फार जिव्हारी लागे, असे रसेल नोंदवतात. मशाली, उधळलेली गुरे आणि मानापमानाची तेढ अशा गर्दीत दोन वर्षांच्या मुलाला कुणी सोडणार नव्हते. त्याने ओसरीवरून किंवा आजोबांच्या खांद्यावरून पोळा पाहायचा आणि घरी येऊन ‘मलाही बैल पाहिजे’ म्हणून भोकाड पसरायचे.

या हट्टाला राजमान्यता कशी मिळाली, याची आठवण नागपूरच्या भोसले घराण्याने जपली आहे. त्या परंपरेनुसार दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये तान्हा पोळा सुरू केला. मुलांना खरे बैल हाताळता येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी लाकडी बैल करवून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा वेगळा पोळा भरवला आणि मुलांना खाऊ व बक्षीस दिले. नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांच्या वाड्यात मोठ्या लाकडी बैलाची पूजा आजही होते. रघुजींची कारकीर्द १७८८ ते १८१६. त्यातली १८०३ नंतरची वर्षे कठीण होती. त्या वर्षी देवगावच्या तहाने कटक आणि वऱ्हाड हे दोन्ही प्रांत भोसल्यांच्या हातून गेले होते. अशा पडत्या काळात राजाने मुलांसाठी सण मांडावा, ही गोष्ट त्याच्या चरित्रात लढायांइतक्याच ठळकपणे सांगायला हवी. भंडारा ज्यात येते ते वैनगंगेचे खोरे तेव्हा भोसल्यांच्याच राज्यात होते. राजधानीतला रिवाज भंडाऱ्यापर्यंत यायला फार वेळ लागण्याचे कारण नव्हते. पुढे १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, राज्यकर्ते बदलले, पण मुलांचा पोळा भरतच राहिला.

तरी सगळे श्रेय राजवाड्याला देणे बरोबर नाही. गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगडात याच अमावास्येला पोरा साजरा होतो. तिथे मुले चाकांचे मातीचे बैल ओढतात आणि मुली मातीच्या जात्याशी आणि भांड्याकुंड्यांशी खेळतात. कुंभाराच्या घरचा हा मातीचा बैल कुठल्याही राजाने दिलेला नाही. सिंधू संस्कृतीच्या नगरांत मातीच्या छोट्या गाड्या आणि मान हलवणारे बैल सापडले आहेत. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचे नावच एका मुलाच्या हट्टावरून आले आहे. चारुदत्ताच्या रोहसेनाला मातीची गाडी नको, शेजारच्या मुलाची होती तशी सोन्याची हवी, म्हणून तो रडतो आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. चाके लावलेला बैल आणि त्यासाठी धरलेला हट्ट हे दोन्ही भोसल्यांपेक्षा कितीतरी जुने आहेत. रघुजीराजांनी या घरगुती खेळाला तिथी, मिरवणूक आणि बक्षीस दिले, असे म्हणणे जास्त योग्य.

प्रतिपदेची सकाळ मारबतीची, म्हणजे रोगराई गावाबाहेर घालवण्याची असते. पोळ्याला दाराशी उभे केलेले पळसाचे मेढे उचलून गावाबाहेर टाकायचे आणि रोगराई, ढेकूण-डास, खोकला-पडसे सगळे घेऊन जा म्हणून मारबतीला ओरडून सांगायचे, हा पहाटेचा कार्यक्रम. मनसोक्त ओरडायला मिळते म्हणून मुले त्यात आघाडीवर असतात. दुपारनंतर लाकडी बैल बाहेर निघतात. वर्षभर माळ्यावर किंवा देवघराच्या कोपऱ्यात ठेवलेला बैल धुऊन-पुसून रंगवतात, शिंगांना बेगड लावतात, पाठीवर झूल आणि गळ्यात घुंगरू घालतात. गावच्या सुतारांनी सागाच्या तुकड्यातून घडवलेले असे बैल बापाकडून मुलाकडे येतात. एखाद्याचे शिंग मोडलेले असते, एखाद्याचे चाक बदललेले असते, आणि ते कुणी, कधी मोडले हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. मग चौकात किंवा देवळापुढे तोरण बांधून त्याखाली बैलांची रांग लावायची, पूजा करायची आणि मोठ्या पोळ्यात म्हणतात तशा झडत्या म्हणायच्या. झडती म्हणजे पोळ्यात खणखणीत आवाजात म्हणायचे यमकाचे तुकडे. एकाने सुरुवात केली की दुसऱ्याने त्यावर चढ करायची. तान्ह्या पोळ्यात चार वर्षांचे मूल ऐकलेल्या झडतीतला अर्धा भाग विसरते आणि तिथे आपल्या मनाचे शब्द घालते. सगळ्यात मोठा हशा त्याच जागी पिकतो.

खरी चलाखी दिसते ती बोजाऱ्यात. मोठ्या पोळ्यात सजवलेले बैल घरोघरी नेले की घरधनीण त्यांना ओवाळते आणि बैल आणणाऱ्या गड्याच्या हातावर पैसे ठेवते. तो बोजारा. वर्षभर राबणाऱ्या गड्याचा तो हक्क. मुलांनी तो हक्क जसाच्या तसा उचलला. लाकडी बैल दारात उभा करायचा आणि बोजारा मिळेपर्यंत हलायचे नाही. मोठी भावंडे धाकट्याला पुढे करतात, कारण बोबड्या बोलाने मागणाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. धाकट्यालाही हे लवकर कळते आणि मग तो वाट्यासाठी अडून बसतो. बैल थकला आहे, बैलाला भूक लागली आहे, बैल लाडू मागतो आहे, अशी कारणे बैलाच्या नावाने पुढे येतात. बैलाच्या तोंडाला लावलेला लाडू कुणाच्या पोटात जातो हे सगळ्यांना दिसत असते. कुठल्या दारात नाणे मिळते आणि कुठे नुसते कौतुक, हे तीन वर्षांच्या मुलाच्या पक्के ध्यानात राहते. नाण्याच्या दारात तो दुसऱ्यांदा येतो, आणि ओळखला गेलाच तर ‘हा दुसरा बैल’ असेही सांगून पाहतो. या सगळ्यात कुणाचे नुकसान नसते, म्हणून रागावणेही नसते.

बालमानसशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत जे पाहिले, ते या गल्ल्यांतल्या अनुभवाशी जुळते. झाँ पियाजे यांनी दुसऱ्या वर्षात उमलणाऱ्या प्रतीकात्मक खेळाचे वर्णन केले: एका वस्तूला दुसरीच मानून तिच्याशी तसे वागणे. लाकडाच्या तुकड्याला भूक लागते ती याच वयात. वासुदेवी रेड्डी यांनी आपल्या अभ्यासांत त्याहून लहान मुलांकडे लक्ष वेधले. वर्षही पुरे न झालेली मुले वस्तू पुढे करतात आणि समोरच्याने हात लांबवला की मागे घेऊन हसतात. समोरच्याला काय अपेक्षित आहे हे कळल्याखेरीज त्याची गंमत करता येत नाही. बैलाची दोरी आजीच्या हातात देण्याचा आव आणून ऐन वेळी ओढून घेणारे मूल हेच करत असते. खोडी ही समज आल्याची खूण आहे. या वयातल्या खोडीला शिस्तीचा प्रश्न समजणे ही मोठ्यांची चूक आहे.

महाराष्ट्रात हा विचार शाळेपर्यंत नेण्याचे काम ताराबाई मोडक यांनी केले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केल्यावर त्यांनी बालशिक्षणाची चळवळ उभी केली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी खेड्यातल्या आणि आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मुलाने हात लावला, उलटेपालटे केले, सांडले, पुन्हा भरले, की ते शिकते, हा त्या शिक्षणाचा पाया होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगावी पोचू लागली. आता विदर्भातल्या अंगणवाड्या आणि शाळांमध्येही तान्हा पोळा भरतो.

सणाचे रूप बदलले ते मुख्यतः बैल कमी झाल्यामुळे. चिखलणीला ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे झाले, आणि आज अनेक मुलांची बैलाशी पहिली ओळख लाकडी बैलापासूनच होते. मोठ्या पोळ्यातली रांग आखडत गेली तरी लहानांची टिकली आहे. दुसरा बदल स्पर्धेचा. सजावट आणि वेशभूषेची बक्षिसे लागली. वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर भव्य लाकडी बैलांसाठीच प्रसिद्ध झाला. त्या कारागिरीचे कौतुक आहेच. पण माणसाच्या उंचीहून मोठा बैल दोन वर्षांच्या मुलाला ओढता येत नाही. तो मोठी माणसे ओढतात आणि मूल त्यावर फोटोपुरते बसते. किमती पोशाखात अवघडलेल्या मुलाला धावता येत नाही, चिखलात बसता येत नाही, बैलाला पाणी पाजता येत नाही. ज्या मानापमानाच्या रांगेतून मुलांना वेगळे काढले, तीच रांग आईबापांच्या खर्चाच्या रूपाने त्यांच्या पोळ्यात परत येऊ लागली आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या मंडळांनी, शाळांनी आणि परीक्षकांनी याचा विचार करावा. बैल मुलाने स्वतः ओढावा एवढाच असावा, तो शक्य तर गावच्या सुताराकडून घ्यावा, आणि बक्षीस देताना झुलीची जर पाहण्याऐवजी त्या मुलाने आपल्या बैलाकडून काय काय करवून घेतले ते पाहावे.