महाड-पोलादपूरच्या वाटा आणि हौशी धावणारे

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. वसंतातील व्याख्यानांतही बहुधा तेच विषय निवडले जातात, आणि त्यात वावगे काही नाही. तथापि रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर यांच्या भोवतालचा मुलूख पाहिला, तर तेथे राजाइतकीच धावणाऱ्या माणसाचीही दखल घ्यावी लागते. त्याच्याविषयी आज चार शब्द बोलावेत असे आम्ही योजिले आहे. आमचा प्रश्न साधा आहे. शतकानुशतके दुसऱ्याच्या कामासाठी धावणारा माणूस स्वतःच्या हौसेने केव्हा धावू लागला, आणि त्यासाठी काय काय मोकळे व्हावे लागले?

प्रथम मुलूख ध्यानात घेऊ. महाड सावित्रीच्या काठी वसलेले. बाणकोटच्या खाडीतून नावा पूर्वी येथवर येत. उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर रायगड. दुसऱ्या बाजूस सुमारे अठरा किलोमीटरांवर पोलादपूर. तेथे वाट फुटते. एक आंबेनळीच्या घाटाने प्रतापगडाकडे व महाबळेश्वराकडे चढते, दुसरी कशेडी ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात उतरते. १६५६ साली जावळी आणि रायरी शिवाजी महाराजांच्या हाती आली, आणि १६७४ साली त्याच रायरीवर, म्हणजे रायगडावर, राज्याभिषेक झाला. राजधानी डोंगराच्या माथ्यावर, बंदर पायथ्याशी आणि घाटमाथा पाठीशी. अशा ठिकाणी घोड्याचा उपयोग बेताचाच. चिंचोळ्या घाटवाटेने बातमी न्यावयाची तर ती माणसाच्या पायांनीच न्यावी लागे.

हे काम करणारे ते जासूद आणि काशीद. मराठेशाहीच्या, विशेषतः पेशवाईच्या, कागदपत्रांत ‘जासूद जोडी’ हा शब्द वारंवार भेटतो. पत्र देऊन एकाला नव्हे, दोघांना पाठवीत. कारण उघड आहे. एक आजारी पडला, नदीच्या उतारात अडकला, तर दुसऱ्याने पत्र पोचवावे. आज पहाटे रस्त्यावर धावावयास जाणारी मंडळी सोबत शोधतात ती निराळ्या कारणाने. पण एकट्यापेक्षा दोघांची चाल बरी राहते, हा अनुभव जासुदांनाही आला असलाच पाहिजे.

रायगडाच्या हिरकणी बुरुजाची कथा सर्वांना ठाऊक आहे. दूध घालावयास गडावर गेलेली गवळण दरवाजे मिटल्यामुळे अडकली आणि घरच्या तान्ह्या मुलासाठी रात्री कडा उतरून गेली, अशी ती आख्यायिका. तिला कागदोपत्री पुरावा मागण्यात अर्थ नाही. लोकांनी ती जपली, यावरून एवढे खास दिसते की, या मुलुखातील पायांचा पराक्रम लोकांच्या मनात गरजेशी जोडला गेला आहे. हिरकणी हौसेने उतरली नाही.

इंग्रजी अमदानीत जासुदाच्या जागी टपालाचा हरकारा आला. १८५४ साली अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा हा दर ठरला. ही सोय शहरातल्या कचेरीत ठरली असली, तरी ती खरी करून दाखविली ती हरकाऱ्याने. खांद्यावर थैली, हातात घुंगरांची काठी किंवा भाला, आणि ठरलेला टप्पा धावून झाला की पुढच्या गड्याच्या हाती थैली द्यावयाची. घुंगरांच्या आवाजाने जनावर दूर होई आणि पुढचा गडी सावध होई. पावसाळ्यात ओढे फुगलेले असोत, घाटात धुके असो, टपाल थांबत नसे. या माणसांच्या धावेला कोणी शर्यत म्हटले नाही, की बक्षीस दिले नाही.

आणि येथेच एक विलक्षण गोष्ट सांगावयाची आहे. आपण ज्याला हौशी खेळाडू म्हणतो, त्याची व्याख्या लंडनमध्ये १८६६ साली ॲमेच्युअर ॲथलेटिक क्लबाने केली, तेव्हा कारागीर आणि मजूर यांना त्या व्याख्येबाहेर ठेवले होते. हाताने कष्ट करून पोट भरणारा माणूस, त्याने खेळातून एक पैसाही मिळविला नसला तरी, हौशी ठरत नसे. १८८० साली ॲमेच्युअर ॲथलेटिक असोसिएशन निघाली तेव्हा ही वर्गाची अट गेली. म्हणजे आमचा घाटातला हरकारा त्या पहिल्या क्लबाच्या दारातही उभा राहू शकला नसता. आपला ‘हौशी’ हा शब्द त्यापेक्षा उदार आहे. हौस कोणालाही असू शकते. मात्र हौस असणे निराळे आणि ती पुरविण्याची मुभा असणे निराळे.

ती मुभा महाराष्ट्रात कशी येत गेली, हे पाहण्यासाठी घाट चढून पुण्यास जावे लागते. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. त्याच्या अध्यक्षपदी असता सर दोराबजी टाटा यांनी जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे खेडुत शेतकरी पाहिले, आणि त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास जातात हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथील ऑलिंपिकला हिंदी खेळाडू गेले. बेळगावकडील फडेप्पा चौगुले यांनी तेथील मॅरेथॉन सुमारे २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. शर्यत पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची होती. सदाशिव दातार यांनीही त्या शर्यतीत भाग घेतला, पण त्यांना ती पुरी करता आली नाही. पदक मिळाले नाही. तथापि ज्याला आजवर कामासाठीच धावावयास लावले, तो शेतकरी नुसत्या धावण्यासाठी समुद्रापार गेला, ही गोष्ट पदकाहून लहान नव्हे.

आता पुन्हा महाडास येऊ. कारण हौसेच्या धावेला नुसते पाय पुरत नाहीत. सार्वजनिक वाट आणि सार्वजनिक पाणी लागते. या दोन्हींचा प्रश्न महाडात जितक्या उघडपणे लढला गेला तितका क्वचितच कोठे लढला गेला असेल. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत असा ठराव रावबहादूर बोले यांच्या पुढाकाराने मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मागोमाग परिषदेची मंडळी गावातून चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले. तळ्याच्या ‘शुद्धी’चा विधी झाला. वाद न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ साली. गावच्या रस्त्याने जावे आणि तहान लागली तर गावचे पाणी प्यावे, एवढ्या गोष्टीला ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे लागली.

शर्यतीच्या वाटेवर आज जागोजाग पाण्याचे पेले मांडलेले असतात. येणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही. आपल्याला त्याचे काही वाटत नाही, आणि न वाटणे हेच बरे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने तरी त्या पेल्याची किंमत विसरू नये.

या मुलुखातील आजची धाव तीन प्रकारची दिसते. पहिली शिवज्योतीची. शिवजयंतीला गावोगावचे तरुण रायगडाहून, प्रतापगडाहून मशाल पेटवून घेतात आणि हातोहात बदलीत ती आपल्या गावापर्यंत धावत नेतात. पुष्कळ जण अनवाणी असतात. मागे टेम्पो, त्यात शिधा, दमलेले गडी आणि पाण्याची पिंपे. ही शर्यत नव्हे. येथे कोणी पहिला येत नाही. मशाल विझू न देता गावात पोचविणे एवढेच काम. हरकाऱ्याचा टप्पा येथे नकळत पुन्हा आला आहे, फरक इतकाच की धावणारा आपण होऊन आला आहे.

दुसरी धाव भरतीची. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे देत आले आहे. सैन्यासाठी असो की पोलिसांसाठी, भरतीच्या मैदानी परीक्षेत धाव असतेच, आणि त्यासाठी आजही खेड्यांतील मुलगे व मुली पहाटे सडकेवर धावतात. ही धाव पोटासाठी आहे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. जी मुले भरतीसाठी धावू लागतात, त्यांतील काहींना पुढे धावण्याचीच गोडी लागते.

तिसरी धाव निव्वळ हौसेची. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली, मुंबईची २००४ साली आणि साताऱ्याची डोंगरातली अर्धमॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. त्यांच्यामुळे लहान गावांतही शिक्षक, दुकानदार, डॉक्टर पहाटे एकत्र धावू लागले. धावणे संपल्यावर टपरीवर चहा, कोणाचा गुडघा दुखतो याची विचारपूस, पुढच्या शर्यतीची गाडी ठरविणे, हा सारा त्या धावण्याचाच भाग. एरवी ज्यांच्या उंबऱ्यावर एकमेकांचे जाणे नसते, ती माणसे येथे एका बाकावर बसतात. स्त्रियांचे यात येणे सर्वांत उशिराचे आणि सर्वांत महत्त्वाचे. घाटावर माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली. तेव्हापासून मुलीला धावावयास पाठविताना आईबापांजवळ सांगावयास एक उदाहरण झाले.

पण वाट मोकळी झाली म्हणजे ती कायमची मोकळी राहते असे नाही. मुंबई-गोवा मार्ग महाड आणि पोलादपूर या दोहोंना स्पर्श करून जातो. त्यावरील वाहनांच्या वर्दळीत पायी माणसाला जागा उरत नाही. काळोखात धावणाऱ्या मुलाला मागून येणारा ट्रक ही वाघाहून मोठी भीती आहे, आणि घुंगरांची काठी तेथे उपयोगाची नाही. जी वाट जासुदाला आणि हरकाऱ्याला मोकळी होती, ती त्यांच्या वंशजांना हौसेसाठी मोकळी नसावी, हे आपल्या नगररचनेला भूषणावह नाही. गावाबाहेर वाहनांपासून वेगळी अशी दोन-चार किलोमीटरांची वाट, तिच्यावर दिवे आणि पिण्याचे पाणी, एवढे करणे कोणत्याही नगरपालिकेच्या आवाक्यातले आहे. पारितोषिकांपूर्वी ते व्हावे, आणि त्या वाटेवर पहिला हक्क अनवाणी धावणाऱ्यांचा असावा, असे आम्हांस वाटते.