भिंत नसलेले जंतु

घर म्हटलें कीं प्रथम भिंती डोळ्यांपुढें येतात. जंतुशास्त्रांतही दीर्घकाळ असाच समज होता. पेशीभोंवतीं टणक भित्तिका, तिच्यामुळें जंतूला कांडीचा अथवा गोळ्याचा आकार, आणि आंत जीवद्रव्याचा एक साधा थेंब! हा समज ज्यांनीं मोडला ते जंतु इतके लहान व इतके मऊ कीं, त्यांची खरी ओळख पटावयास कित्येक दशकें लागलीं.

इ. स. १८९८ मध्यें फ्रान्समधील नोकार, रू व त्यांचे सहकारी गुरांच्या सांसर्गिक फुप्फुसदाहाचें मूळ शोधीत होते. रोगट द्रव पोषक रसांत मिसळून त्यांनीं तो कोलोडियनच्या पातळ पिशव्यांत भरला व त्या पिशव्या सशांच्या पोटांत ठेवल्या. पोषक द्रव्यें पिशवींत झिरपत, पण सशाच्या पांढऱ्या पेशींना आंत शिरतां येत नसे. कांहीं दिवसांनीं रस किंचित् गढूळ झाला. सूक्ष्मदर्शकाखालीं मात्र नुसते चमकणारे ठिपके दिसले. त्यांना निश्चित असा आकारच नव्हता.

पुढचा अध्याय लंडनमधील लिस्टर संस्थेंत घडला. एमी क्लीनेबर्गर या ज्यू कुलांतील विदुषींना १९३३ सालीं जर्मनींतील आपलें पद गमवावें लागलें व त्या इंग्लंडांत आल्या. १९३५ मध्यें उंदरांशीं संबंधित अशा एका जंतूच्या वाढींत त्यांना तसेच मऊ, भिंतहीन जीव आढळले. लिस्टर नांवाच्या आद्याक्षरावरून त्यांनीं त्यांस 'एल्' ही संज्ञा दिली. हे जीव मूळ जंतूसह राहणारे निराळेच सहचर असावेत, असें त्यांचें मत होतें. बोस्टनचे लुई डीन्स म्हणाले, नव्हे. हें त्याच जंतूचें भिंत टाकलेलें रूप आहे. वाद बराच चालला आणि अखेर डीन्स यांचें म्हणणें खरें ठरलें. कांहीं जंतु भिंत गमावतात, तर मायकोप्लाझ्मा नांवाच्या कुळाला ती जन्मतःच नसते, हा भेद पुढें स्पष्ट झाला.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हता. १९४४ मध्यें ईटन यांनीं एका विशिष्ट न्यूमोनियाच्या रोग्यांपासून एक रोगकारक वेगळा केला. सूक्ष्म गाळण्यांतूनही तो पार होई, म्हणून त्याला विषाणु समजण्यांत आलें. १९६२ मध्यें चॅनॉक, हेफ्लिक व बरिल यांनीं तो जिवंत पेशींच्या मदतीवांचून आगरवर वाढवून दाखविला. तो मायकोप्लाझ्मा निघाला. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधूं देत नाहीं. जेथें भिंतच नाहीं, तेथें तें काय करणार? टेट्रासायक्लिन किंवा एरिथ्रोमायसिन मात्र आंतील प्रथिनें बनविणाऱ्या रायबोसोमांवर आघात करतात, म्हणून तीं उपयोगी पडतात. रोग्याच्या दृष्टीनें जंतूच्या अंतरंगाचें ज्ञान असें मोलाचें ठरलें.

तें अंतरंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें उघड केलें. बाहेर एक पातळ पटल, आंत रायबोसोम व जनुकद्रव्याचे तंतु, एवढें तर अपेक्षितच होतें. परंतु न्यूमोनियाच्या या जंतूच्या एका टोकाशीं दाट द्रव्याची एक कांडी आढळली. पुढें पटल रसायनानें विरघळविलें, तरी ही कांडी व तिला जोडलेली तंतूंची चौकट मागें उरली. याच टोकानें जंतु श्वासनलिकेच्या पेशींना चिकटतो व सरकतो. ज्या विकृत वाणांत ही कांडी घडत नाहीं, त्यांना नीट चिकटतां येत नाहीं, आणि जो चिकटत नाहीं तो रोगही माजवूं शकत नाहीं.

मक्याच्या खुरट्या रोगांत १९७२ मध्यें याहूनही नवल दिसलें. तेथील भिंतहीन जीव मळसूत्रासारखा पिळदार होता. त्याला स्पायरोप्लाझ्मा हें नांव मिळालें. पटलाच्या आंतल्या अंगानें धांवणारी प्रथिनतंतूंची एक फीत त्याचा पीळ सांभाळते, असें पुढील संशोधनांत आढळलें.

१९९५ मध्यें याच कुळांतील एका जंतूचें संपूर्ण जनुकद्रव्य वाचण्यांत आलें. तें अवघें ५,८०,००० अक्षरजोड्यांचें भरलें. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवरही संसार चालतो. नोकार-रू यांना दिसलेल्या निराकार ठिपक्याच्या जातकुळींतील कांहीं जीव तरी वस्तुतः निराकार नव्हते. त्यांचा आकार आंतून धरलेला होता.