बादशहाने लपविले नाही

दारू हराम आहे हे आपल्या नांदूरघाटात पोरासोरांनाही ठाऊक आहे. म्हणूनच की काय, घरात कोणी व्यसनी निघाला की आपण आधी दार लावून घेतो.

अकबर बादशहाच्या घरीही हे दुखणे होते. शहजादा मुराद १५९९ साली आपल्या मराठवाड्यातच, पूर्णाकाठी, दारूपायी वारला. धाकट्या दानियालवर पहारे बसविले. तरी बुऱ्हाणपुरात नोकरांनी बंदुकीच्या नळीतून दारू पोचविली. १६०५ साली तोही गेला.

थोरला सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, दिवसरात्रीत २० प्याले रिचवी. हात इतके कापत की प्याला दुसऱ्याने तोंडी लावावा लागे. हकीम हुमामने बजावले, आणखी ६ महिने असेच चालले तर इलाज उरणार नाही. सलीमने ऐकले. ७ वर्षांत २० चे ६ प्याले झाले. पुरती सुटली नाही, अफूही राहिली. पण हे सारे त्याने आपल्या आत्मवृत्तात स्वतः लिहून ठेवले. हिंदुस्थानच्या बादशहाला त्याची लाज वाटली नाही!

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ काढले, तेही व्यसन हा आजार मानूनच. आपल्याला तर अंबाजोगाईचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तेथे मनोविकारांचे डॉक्टर बसतात.