आल्बियन स्ट्रीटवरील छापखाना

ग्लासगो शहराच्या जुन्या भागात आल्बियन स्ट्रीटवर काळ्या काचेची एक मोठी इमारत आहे. आज तिच्यात लोकांची बिऱ्हाडे आहेत. परंतु 1930 च्या दशकात ती बांधली गेली ती वर्तमानपत्र छापण्यासाठी. वर्तमानपत्रांचे दिवस का फिरले, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी या इमारतीचा इतिहास जरूर पाहावा.

लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी 1928 साली ग्लासगोतून ‘स्कॉटिश डेली एक्सप्रेस’ सुरू केले. त्याचा खप एकेकाळी लाखांनी होता. पुढे ‘डेली रेकॉर्ड’शी चुरस वाढली, कागद महागला, खर्च झेपेना. मार्च 1974 मध्ये मालकांनी येथील छपाई बंद करून ती मँचेस्टरला नेली. सुमारे 1800 माणसे एकदम बेकार झाली. ‘इव्हिनिंग सिटिझन’ हे सायंदैनिकही त्याच वेळी बंद पडले.

त्यातील सुमारे 500 कामगारांनी मात्र हिंमत धरली. नोकरी जाताना हाती आलेल्या भरपाईतून त्यांनी पैसे काढले, लोकांनीही भाग घेतले, सरकारने 12 लाख पौंडांचे कर्ज दिले, आणि 5 मे 1975 रोजी ‘स्कॉटिश डेली न्यूज’ निघाले. कामगारांच्या मालकीचे असे मोठे दैनिक ब्रिटनमध्ये यापूर्वी झाले नव्हते. मुलाबाळांच्या तोंडचा घास काढून माणसे भांडवल उभे करतात, तेव्हा त्या पैशाला नुसता पैसा म्हणवत नाही.

या पत्रात रॉबर्ट मॅक्सवेल या धनिक प्रकाशकानेही रक्कम घातली होती. सार्वजनिक कंपनीचा कारभार या गृहस्थांच्या हाती विश्वासाने सोपवता येणार नाही, असे सरकारी तपासनिसांनी 1971 सालीच लिहून ठेवले होते. तरीही गरज होती म्हणून त्यांना आत घेतले गेले. लवकरच सर्व सूत्रे त्यांनी आपल्याकडे ओढली. ऑगस्टमध्ये पत्राचा आकार लहान झाला, टॅब्लॉइडचा. सप्टेंबरात लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने त्यांच्या वागणुकीवर कडक लेख छापला व ते बाजूला झाले. पण तोवर खप घसरला होता व गंगाजळी आटली होती. 8 नोव्हेंबर 1975 रोजी शेवटचा अंक निघाला. सहा महिन्यांत सारे आटोपले.

हेच मॅक्सवेल 1984 मध्ये ‘मिरर’ समूहाचे व त्याबरोबर ग्लासगोच्या ‘डेली रेकॉर्ड’चेही मालक झाले. नोव्हेंबर 1991 मध्ये समुद्रात त्यांचा अंत झाला आणि मग उघडकीस आले की, कामगारांच्या पेन्शन फंडांतून 40 कोटी पौंडांहून अधिक रक्कम नाहीशी झाली आहे. त्यांचे दफन यरुशलेमेत जैतूनाच्या डोंगरावर झाले, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. मनुष्याचा न्याय करणे आपल्या हाती नाही. पण ज्यांनी जन्मभर रात्रपाळी करून छपाईची यंत्रे चालविली त्या म्हाताऱ्यांच्या झोपा उडाल्या, ही गोष्ट विसरता येत नाही.

ही झाली पैशाची ठेव. वर्तमानपत्राकडे दुसरी एक ठेव असते, ती म्हणजे लोकांच्या दुःखाची. ग्लासगोच्या उत्तरेला डनब्लेन गाव आहे. 13 मार्च 1996 रोजी तेथील शाळेत एका माथेफिरूने 16 चिमुकली मुले व त्यांची बाई यांना गोळ्या घालून ठार मारले. जी मुले वाचली ती 2009 साली अठरा वर्षांची होऊ लागली. त्या मार्चमध्ये ‘स्कॉटिश संडे एक्सप्रेस’ने त्यांची इंटरनेटवरील खासगी पाने धुंडाळली व तरुण पोरे मित्रांत जी थट्टामस्करी लिहितात ती पहिल्या पानावर, जणू मोठे पाप असल्यासारखी छापली. लोक भयंकर संतापले. हजारोंनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. दोन आठवड्यांनी पत्राने माफी मागितली, व वृत्तपत्रांच्या तक्रार मंडळानेही त्याला दोषी ठरविले.

मी या शहरात नर्सची नोकरी केली. आम्हाला पहिल्या दिवसापासून एक शिकविले जाई: रोग्याच्या खाटेशी जे ऐकले ते वॉर्डाबाहेर न्यायचे नाही. ते खोटे असते म्हणून नव्हे. खरे असले तरी ते आपले नसते. डनब्लेनच्या मुलांबद्दल छापलेले सर्वच खोटे होते असे नाही. पण ते त्या पत्राचे नव्हते. अमके खरे आहे म्हणून छापले, एवढे उत्तर पुरत नाही. ते छापल्याने कोणाचे भले झाले, हेही विचारले पाहिजे. मॅक्सवेलबद्दल ‘संडे टाइम्स’ने लिहिले त्याने कामगार सावध झाले. मुलांबद्दल लिहिले त्याने कोणाचे काय भले झाले? बातमी आणि चहाडी यांत फरक आहे तो हाच.

आज ‘डेली रेकॉर्ड’चा खप, जो एकेकाळी सात लाखांवर होता, तो एक लाखाच्याही खाली आला आहे. जाहिराती इंटरनेटवर गेल्या, तरुण मंडळी फोनवर बातम्या वाचतात, हे कारण खरेच. परंतु तेवढेच नव्हे. 2011 साली ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे 168 वर्षांचे साप्ताहिक बंद पडले ते खप नव्हता म्हणून नव्हे. खून झालेल्या एका मुलीच्या फोनवरील निरोप चोरून ऐकल्याचे उघड झाले, व जाहिरातदारांनी पाठ फिरविली.

छापखाना कर्ज काढून पुन्हा उभारता येतो. आल्बियन स्ट्रीटच्या कामगारांनी तो उभारूनही दाखविला. विश्वासाला मात्र कोणतेही सरकार कर्ज देत नाही. म्हणून वाचकहो, कागदावर वाचा की फोनवर, दुसऱ्याच्या घरातील दुःख मिटक्या मारीत वाचण्याचा मोह झाला तर क्षणभर थांबा. असली पत्रे आपल्याच पैशावर पोसली जातात.