पांझरेचे फड आणि जुने नकाशे

इतिहास म्हटला की आपल्याला तवारिखा, फर्माने आणि शिलालेख आठवतात. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने, एका मैलाला एक इंच प्रमाणाचे नकाशे मात्र उपेक्षित राहतात. पांझरेचे खोरे समजून घ्यायला ते फार उपयोगी आहेत.

पांझरा साक्री तालुक्यातून येते, धुळे शहर ओलांडते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. नकाशांचे मथळे बदलत गेले. १९०६ साली खानदेश विभागला आणि 'पश्चिम खानदेश' आला, पुढे तो धुळे जिल्हा झाला, १९९८ साली त्यातून नंदुरबार निघाला. नदीवरचे बंधारे मात्र जागचे हलले नाहीत. नकाशात बंधारा शोधावा, तिथून निघालेला पाट समोच्च रेषेच्या कडेकडेने कसा सरकतो ते पाहावे. पाट आणि नदी यांच्यामधली जमीन म्हणजे त्या गावाचे थळ.

थळाचे बहुधा चार फड पाडत. एका फडात एकच पीक, दरवर्षी पिकांची अदलाबदल. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात असे. पाणी कमी पडले तर एखादा फड कोरडा राही आणि तोटा सगळ्यांना वाटून जाई. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या पीक राखी. ही माणसे नकाशात दिसत नाहीत, त्यांनी राखलेली पाटाची रेघ दिसते.

त्याच नकाशांत देऊळ, मशीद, ईदगाह, कबर यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. पाटाची खूण एकच. फारुकी सुलतानांनी १३८२ ते १६०१ खानदेशावर राज्य केले, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवे. पण सुलतानांच्या नावांबरोबर पाण्याची ही वाटणीही आपला वारसा आहे. ती कोणा एका जमातीची नाही.

पुढे विहिरी आणि विजेचे पंप आले, वर लाटीपाडा आणि अक्कलपाडा येथे धरणे झाली. ज्याचे त्याचे पाणी वेगळे झाले आणि बऱ्याच गावांत फड मोडले. जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवला की हा बदल ध्यानात येतो.

२०२१ च्या नव्या धोरणाने नकाशे मिळवणे सोपे केले आहे. मराठी असो की उर्दू, प्रत्येक शाळेने आपल्या गावाचा नकाशा भिंतीवर लावावा आणि मुलांना बंधाऱ्यावर न्यावे. आपली मुळे या मातीत किती खोल आहेत, हे तिथे भाषण न करता सांगता येईल.