नुकसानग्रस्त वाहनांचे लिलाव व खरेदीदार-परवाने, अमेरिकेतील

अपघात, पूर, आग किंवा चोरी यांमुळे ज्या मोटारीची भरपाई विमा कंपनीने ‘पूर्ण हानी’ म्हणून चुकती केली, ती मोटार सामान्यतः कंपनीच्या मालकीची होते व पुढे लिलावात विकली जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा लिलावात बोली कोणी लावावी, हे ठरविणारे नियम राज्यागणिक भिन्न असून त्यांचा इतिहास वाहनचोरीच्या इतिहासाशी निगडित आहे.

मोडक्या मोटारीच्या खरेदीस परवाना कशासाठी लागावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर लोखंडात नसून कागदात आहे. चेंदामेंदा झालेल्या मोटारीबरोबर तिचे मालकीपत्र व ओळखक्रमांकाची पट्टीही खरेदीदाराच्या हाती येते. त्याच बनावटीची मोटार चोरून तिच्यावर ही पट्टी बसविली की, चोरीची मोटार कायदेशीर ठरते. १९८१ पासूनच्या मोटारींना सतरा चिन्हांचा एकसारखा ओळखक्रमांक आला, तरी ही युक्ती थांबली नाही. उलट अस्सल क्रमांक मिळविण्यासाठी लिलाव हे सोयीचे ठिकाण झाले. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने चोरीस अधिक बळी पडणाऱ्या मोटारींच्या प्रमुख सुट्या भागांवरही क्रमांक कोरणे वा चिकटविणे बंधनकारक केले.

अनेक राज्यांनी लिलावातील खरेदी मोटारविक्रेते, मोटारी सुट्या करणारे, पुनर्बांधणी करणारे अशा परवानाधारकांपुरती ठेवली. काहींनी ती सर्वांस खुली ठेवली. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात तर मोटारी सुट्या करणारे, लिलावतळ चालविणारे, भंगारावर प्रक्रिया करणारे आणि फिरतीवर जुन्या मोटारी गोळा करणारे अशा स्वतंत्र वर्गांची नोंदणी सांगितली आहे. ठराविक जागा, खरेदीविक्रीची नोंदवही आणि ती तपासण्याचा अधिकाऱ्यांचा हक्क, या परवान्यांमागील नेहमीच्या अटी होत.

या व्यवस्थेत प्रारंभापासून एक ओढाताण होती. बोली लावणारे जितके कमी, तितकी किंमत कमी. आणि किंमत कमी आली, की विमा कंपनीची वसुलीही कमी. कॅलिफोर्नियात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या कोपार्ट या लिलाव कंपनीने २००३ मध्ये आपले लिलाव इंटरनेटवर नेले, तेव्हा दूरदेशीचे ग्राहकही बोली लावू लागले. जॉर्जियासारख्या (कॉकेशस) देशांत अशा मोटारी दुरुस्त करून विकण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. जेथे परवाना आवश्यक, तेथे परवानाधारक दलालामार्फत सामान्य ग्राहकास खरेदी करता येते. नियमाचे पालन होते, परंतु मोटार अखेर कोणाच्या हाती जाते, हे परवान्यावरून कळेनासे होते.

दुसरी उणीव राज्याराज्यांतील फरकाची. मोटार ‘नुकसानग्रस्त’ ठरण्यासाठी फ्लॉरिडात दुरुस्तीखर्चाची मर्यादा किमतीच्या ८० टक्के, तर टेक्सस राज्यात पूर्ण किंमत, अशी आहे. त्यामुळे एका राज्याच्या मालकीपत्रावरील शेरा दुसऱ्या राज्यात नवे पत्र काढताना गळून पडे. या प्रकारास ‘टायटल वॉशिंग’ म्हणतात. ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना वादळानंतर याची तीव्रता जाणवली. पुरात बुडालेली मोटार धुऊनपुसून नवी दिसते; तिची विद्युत् जोडणी व सुरक्षापिशव्यांची यंत्रणा मात्र आतून गंजत राहते आणि त्याची किंमत तिसऱ्याच राज्यातील अजाण कुटुंब चुकविते.

यावरील उपाय काँग्रेसने १९९२ मध्येच सांगितला होता. त्या वर्षीच्या वाहनचोरी-प्रतिबंधक कायद्याने मालकीपत्रांच्या राष्ट्रीय माहितीसंचाची योजना केली व १९९६ मध्ये ते काम परिवहन खात्याकडून न्याय खात्याकडे दिले. पुढे नियमच निघेनात! ग्राहकसंघटनांनी २००८ मध्ये दावा लावला, न्यायालयाने मुदत घालून दिली आणि ३० जानेवारी २००९ रोजी नियम प्रसिद्ध झाले. ३१ मार्च २००९ पासून विमा कंपन्या, तसेच वर्षास पाच वा अधिक मोटारी हाताळणारे भंगार व्यावसायिक यांना दरमहा नोंद कळविणे भाग पडले. खरेदीदार कोण, यापेक्षा क्रमांक कोठे गेला, यावर भर देणारी ही पद्धत परवान्याहून अधिक परिणामकारक म्हटली पाहिजे. कारण दलाल बदलला, तरी क्रमांक बदलत नाही.

भारतात प्रमाणित मोटार विमापत्रानुसार दुरुस्तीखर्च विमाघोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास हानी पूर्ण मानली जाते. मोटर वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे नष्ट वा कायमची निरुपयोगी झालेल्या वाहनाची खबर मालकाने चौदा दिवसांत देऊन नोंदणी रद्द करून घ्यावयाची असते. असे असूनही मोडक्या गाडीची कागदपत्रे चोरीच्या गाडीस जोडण्याचे प्रकार येथील पोलीसतपासांतही उघडकीस आले आहेत. नोंदणीकृत वाहनांची खरेदीविक्री करणाऱ्या विक्रेत्यांसाठी प्राधिकारपत्राचे नियम डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित होऊन १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले.