घोटांचा हिशेब

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात इंदूरच्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी आम्हांला एक साधा प्रश्न विचारला आणि घरातली चारही माणसे निरुत्तर झाली. आमच्या आत्याबाईंना, वय वर्षे एक्याऐंशी, त्या सकाळी माणसांची नावे आठवेनाशी झाली होती. मला त्यांनी माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली, तेव्हा अर्धांगाचा झटका आला की काय, या भीतीने आम्ही त्यांना उचलून नेले. डॉक्टरांनी जीभ पाहिली, त्वचा चिमटीत धरून सोडली आणि विचारले, "काल दिवसभरात या किती पाणी प्यायल्या?" किती पोळ्या खाल्ल्या, रक्तदाबाची गोळी केव्हा घेतली, हे आम्हांला सांगता आले असते. पाण्याचे कुणालाच ठाऊक नव्हते. शिरेतून दिलेल्या सलाइनने दुसऱ्या दिवशी आत्याबाई पूर्ववत झाल्या आणि आम्हांलाच विचारू लागल्या की मला इथे कशाला आणलेत.

प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. माणूस किती पाणी पितो याचा हिशेब ठेवावा, ही कल्पना केव्हापासूनची? आणि तो ठेवायचा कसा?

आपल्याकडे या विषयाचा फार जुना धागा चरकसंहितेत सापडतो. शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात शरीरातील द्रव्यांची मापे दिली आहेत. त्यांत उदक दहा अंजली सांगितले आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही अंजली ज्याची त्याने स्वतःची धरायची आहे. पहिलवानाची ओंजळ वेगळी, लहान मुलाची वेगळी. म्हणून माप एकच असले तरी प्रमाण ज्याचे त्याला मिळते. शिवाय हे प्रमाण कमीअधिक होत असते आणि ते तर्कानेच जाणायचे, असेही ग्रंथकार तेथेच बजावतो. ही शरीरातील पाण्याची मोजणी आहे, पिण्याची नव्हे, हे खरे; पण माप माणसागणिक बदलते ही जाण पुढे कशी हरवली, ते पाहताना चरकाची ओंजळ आठवल्यावाचून राहत नाही.

प्रत्यक्ष तराजू घेऊन बसलेला पहिला गृहस्थ इटलीतला. पाडुआ विद्यापीठातील वैद्यकाचा प्राध्यापक सँटोरिओ याने छताला टांगलेल्या मोठ्या तराजूला खुर्ची जोडली आणि तीस वर्षांच्या आसपास तो आपले वजन करीत राहिला. खाण्यापिण्याआधी, नंतर, झोपून उठल्यावर, मलमूत्रविसर्जनानंतर. एकही नोंद चुकवायची नाही असा त्याचा बाणा. १६१४ साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'दे स्टॅटिका मेडिसिना' या ग्रंथात त्याने निष्कर्ष मांडला, की दिवसाकाठी आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यातले सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या बाष्परूपाने निघून जाते. आज त्याचा आकडा कुणी जसाच्या तसा स्वीकारत नाही. तरी शरीराच्या जमाखर्चाची वही त्यानेच उघडली. त्या खुर्चीत बसलेल्या सँटोरिओचे एक चित्र प्रसिद्ध आहे: पुढ्यात जेवणाचे टेबल, माथ्यावर तराजूची दांडी. जेवताना वजनाकडे डोळा ठेवणारा हा माणूस पाहिला की आजच्या पिढीचा मूळ पुरुष हाच, असे वाटते.

त्यानंतरची तीन शतके आपण भरभर ओलांडू. विसाव्या शतकात प्रश्न तहानेकडे वळला. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९१८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देताना तहानेचे मूळ घशाच्या कोरडेपणात शोधले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक वाळवंटी लढाईसाठी तयार होत होते, तेव्हा रॉचेस्टर विद्यापीठातील एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात त्यांचा अभ्यास केला. सरावाने माणसाला कमी पाण्याची सवय लावता येते, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. या मंडळींनी ती खोटी ठरवली. त्यांना आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. पाणी हाताशी असूनही घामाने जेवढे जाते तेवढे माणूस लगेच पीत नाही. तो मागे पडतो आणि पुष्कळदा जेवणाच्या वेळी ती तूट भरून काढतो. १९४७ साली त्यांचे हे काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. तहान खोटे बोलत नाही, पण उशिरा बोलते, एवढे त्यातून कळले.

आता त्या प्रसिद्ध आठ पेल्यांकडे येऊ. 'दिवसाला आठ ग्लास पाणी' हे वचन आज बडोद्यापासून बॉस्टनपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. जणू ते कुणा ऋषीने सांगितले असावे. २००२ साली डार्टमथ येथील मूत्रपिंडशास्त्राचे अभ्यासक हाइंझ व्हाल्टिन यांनी त्याचा उगम शोधण्याचा प्रयत्न केला. निरोगी, बैठे जीवन जगणाऱ्या प्रौढांनी इतके पाणी प्यायलेच पाहिजे असे दाखवणारा शास्त्रीय पुरावा त्यांना कोठेही मिळाला नाही. संभाव्य उगम म्हणून त्यांनी बोट ठेवले ते १९४५ सालच्या एका शिफारशीवर. अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटर पाणी पुरेसे मानले होते आणि त्याला जोडूनच म्हटले होते, की यातले बरेचसे तयार अन्नातूनच मिळते. पहिले वाक्य जगभर गेले, दुसरे तेथेच राहिले. आमटी, ताक, भाजी, कलिंगड, चहा, सारे हिशेबाबाहेर गेले आणि अडीच लिटर उरले ते कोऱ्या पाण्याचे. ज्या समाजात सकाळची सुरुवात चहाने आणि जेवणाची अखेर ताकभाताने होते, त्याने हे परके आठ पेले वेगळे मोजत बसावे, याची मला गंमत वाटते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये स्त्रियांसाठी दोन आणि पुरुषांसाठी अडीच लिटर हा अंक दिला, तोही अन्न आणि पेये दोन्ही धरूनच.

असो. एकदा अंक हाती आला की तो मोजणारे यंत्र यायला वेळ लागत नाही. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत 'हायड्राकोच' नावाची बाटली निघाली. तिच्या नळीतून जाणारा प्रवाह मोजला जाई आणि बाटलीवरच्या छोट्या पडद्यावर आकडा उमटे. आपले वजन भरले की दिवसाचे लक्ष्यही तीच सांगे. मोबाइलशी तिचा संबंध नव्हता. तो जोडला गेला पुढच्या दशकात. मिनियापोलिसच्या काही तरुणांनी २०१५ साली 'हायड्रेट मी' या नावाने एका बाटलीसाठी लोकांकडून आगाऊ वर्गणी मागितली आणि सहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. हीच बाटली पुढे 'हायड्रेट स्पार्क' नावाने बाजारात आली.

तिची करामत समजून घेण्याजोगी आहे. बाटलीच्या आत उभी दांडी असते. विद्युतक्षेत्राला पाणी जो प्रतिसाद देते, तो हवेच्या मानाने सुमारे ऐंशी पट असतो. त्यामुळे दांडीभोवती पाणी किती उंचीपर्यंत आहे हे विजेच्या सूक्ष्म फरकावरून ओळखता येते. बाटली तिरपी असताना हे माप फसेल, म्हणून ती उभी आहे की कलती, हे सांगणारा दुसरा संवेदक लागतो. घोट घेऊन बाटली पुन्हा सरळ ठेवली की आधीची पातळी वजा आताची पातळी, हा झाला घोट. तो बिनतारी मार्गाने मोबाइलमध्ये नोंदला जातो आणि बराच वेळ घोट घेतला नाही तर बाटली उजळून आठवण करते. पुढच्या काही नमुन्यांत दांडी जाऊन तळाशी वजनकाटा आला. म्हणजे चारशे वर्षांनी सँटोरिओचा तराजू माणसाखालून निघून बाटलीखाली गेला!

हे खूळ आहे, असे म्हणून मी ते सोडून दिले असते. पण दोन प्रकारच्या माणसांना त्याची खरी गरज आहे, हे मानावे लागते. पहिला मुतखड्याचा रोगी. इटलीतील पार्मा येथे लोरिस बोर्गी आणि सहकाऱ्यांनी प्रथमच खडा झालेल्या १९९ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. दिवसाला दोन लिटर मूत्र होईल एवढे पाणी पिण्यास ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात १२ टक्क्यांना खडा पुन्हा झाला. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यात २७ टक्क्यांना. १९९६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सल्ला स्वस्त आणि गुणकारी, पण पाळणारे थोडे. म्हणून पुढे अमेरिकेत याच रोगाविषयीच्या एका मोठ्या चाचणीत रुग्णांना अशा बाटल्या दिल्या गेल्या. त्यांतल्या एका गटाला बाटलीखेरीज प्रशिक्षकाचा आधार आणि लक्ष्य गाठल्याबद्दल पैशांचे उत्तेजनही ठेवले. बाटलीच्या दिव्याने सगळे भागणार नाही, हे चाचणी आखणाऱ्यांनी आधीच ओळखले होते.

दुसरा प्रकार आत्याबाईंचा. ऑक्सफर्डमध्ये सात निरोगी वृद्ध आणि सात तरुण पुरुषांना चोवीस तास पाण्यावाचून ठेवले, मग हवे तितके पाणी दिले. वृद्धांना तहान कमी जाणवली आणि ते प्यायलेही कमी. १९८४ साली हे प्रसिद्ध झाले. वयाबरोबर डोळे, कान मंद होतात हे आपण जाणतो. तहानही मंद होते, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. "तहान नाही रे" असे आत्याबाई म्हणत, आणि ते खरेच असे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरले होते. शर्यतीत अति पाणी पिऊन वजन वाढलेल्यांत ते विशेष दिसले. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्यांना तर डॉक्टर पाणी मोजूनमापून कमी करायला सांगतात. सर्वांना एकच लक्ष्य देणारी बाटली त्यांच्या घरी घातक ठरेल.

आता आमच्या घरची गोष्ट पुरी करतो. रुग्णालयाची बातमी कळताच न्यू जर्सीहून आमच्या चिरंजीवांनी अशी एक बाटली आजीसाठी पाठवली. मोबाइल त्याच्याकडे जोडलेला. आजी इंदुरात पाणी पिणार आणि आकडा तिकडे दिसणार. पहिला आठवडा आकडे उत्तम आले. चौथ्या दिवशी तर पावणेतीन लिटर! मुलगा खूष, मी साशंक. पाहतो तो काय, आत्याबाई बाटलीला तोंड लावीत नाहीत. उष्टे होते ना! बाटलीतले पाणी पितळेच्या फुलपात्रात ओतायचे आणि वरून प्यायचे; फुलपात्रात उरले तर वाया का घालवायचे, म्हणून तुळशीला. दुपारी अंगणात येणाऱ्या चिमण्यांच्या परळातही तेच. बाटलीने आपले काम चोख केले होते. तिच्यातून पाणी गेले, ते तिने नोंदले. कोण प्यायले, हे तिला कसे कळावे?

मी हे फोनवर सांगितले तेव्हा मुलगा आधी हसला, मग गप्प झाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने आकडे पाहणे सोडले आणि तिकडे रात्र, इकडे सकाळ, अशा वेळी फोन करू लागला. "आजी, माझ्यासमोर एक फुलपात्र प्या बरं." त्या पितात. तेवढ्यात नातवाची नोकरी, थंडी, स्वयंपाक यांची चौकशी होते. बोलण्याच्या नादात दुसरेही पिऊन होते. बाटलीची चार्जिंगची वायर केव्हाच कुठेतरी गेली. बाटलीत सध्या गोडेतेल आहे.

माप मात्र मी ठेवले आहे. एकदा ते फुलपात्र औषधाच्या मापाने मोजून पाहिले: काठोकाठ दीडशे मिलिलिटर. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकटीत दर फुलपात्राला पेन्सिलीची एक रेघ. ताक, आमटी, चहा यांना रेघ नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेला आकडा ती धरूनच आहे. परवा तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी पिशवीतून दिनदर्शिका काढली. त्यांनी पान उलटून बघितले आणि एका चौकटीवर बोट ठेवले. तेथे दोनच रेघा होत्या, आणि त्यांच्याखाली आत्याबाईंच्या थरथरत्या अक्षरात: "कोजागरी, मसाला दूध. तीनदा."